लाल खुणा तीन आल्यात, पण सॅम्पल कधी घेतलं होतंस?

"ताई, माझं वय ३४. गेले आठ महिने आईचं आजारपण आणि ऑफिस दोन्ही एकदम चालू आहे. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग सहाला उठते. पाळी आधी २८ दिवसांनी यायची, आता कधी ३८, कधी ४१. केस गळतायत म्हणून केसांच्या गोळ्या सुरू केल्या. वजन पाच किलो कमी झालं, तेवढंच एक बरं झालं. शेवटी घरी हॉर्मोन टेस्ट करायचं किट मागवलं, लाळेच्या चार ट्यूब आणि बोटातल्या रक्ताचं कार्ड. पहिली ट्यूब आईचं आवरून साडेआठला भरली. १२ हॉर्मोन तपासले त्यात तीन लाल आलेत: सकाळचं कॉर्टिसॉल कमी, २१व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन कमी, टीएसएच कमी. खाली लिहिलंय ॲड्रिनल फटीग, आणि त्यांच्याच गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स. घेऊ का? दर महिन्याला टेस्ट करत राहू का? मी तशी स्ट्रेस घेणारी नाहीये, सगळं मॅनेज करते. नवऱ्यालाही टेस्टोस्टेरॉनचं किट मागवायचंय, त्याचंही सांगा."

अगं, सगळ्यात आधी सांगते, त्या गोळ्या घेऊ नकोस. मागवल्या असतील तर डबे तसेच ठेव, का ते पुढे सांगते.

मी बरीच वर्षं लॅबमध्ये रक्त काढायचं काम केलंय, त्यामुळे कुणी हॉर्मोनचा आकडा समोर धरला की मी 'किती आला' हे नंतर विचारते, 'कधी घेतलं' हे आधी विचारते. हिमोग्लोबिन सकाळी बघ नाहीतर संध्याकाळी, फार फरक पडत नाही, पण हॉर्मोनचं तसं नसतं, ते दिवसभर आणि महिनाभर वरखाली होत असतात आणि तसं होणं हेच त्यांचं काम आहे, त्यामुळे वेळ काढून टाकली की मागे राहिलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तू पत्रात वेळा लिहिल्यास हे फार बरं केलंस, त्यावरूनच तीनही लाल खुणांबद्दल बरंच कळतं.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, आधी घेऊ. ते मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं, पहाटेपासून चढायला लागतं, आणि जाग आल्यावर पुढच्या ३० ते ४५ मिनिटांत एकदम वर उसळी मारतं, मग दिवसभर उतरत जातं. किटमधली सकाळची ट्यूब ही उसळी पकडायला असते, म्हणजे उठल्याबरोबर किंवा अर्ध्या तासात भरायची. तू तीनला जागी झालीस, सहाला अंथरुणातून उठलीस, आणि ट्यूब भरलीस साडेआठला. तोपर्यंत ते बरंच उतरलेलं असणार ना! रिपोर्टवाल्या कॉम्प्युटरला हे माहीतच नाही, त्याने तुझा साडेआठचा आकडा दुसऱ्यांच्या नुकत्याच उठलेल्या आकड्याशी लावला आणि लाल खूण केली. शिवाय तीन वाजताची जाग ही खरी जाग धरायची की सहाची, हेही तुझ्या बाबतीत सरळ नाहीये. नाईट शिफ्ट करणाऱ्यांचंही हेच होतं, त्यांचं घड्याळच सरकलेलं असतं आणि रिपोर्ट मात्र सगळे झोपून उठलेत असं धरून चालतो.

आता प्रोजेस्टेरॉन, आणि हे नीट वाच कारण यात फार बायका फसतात. हे हॉर्मोन भरपूर तयार होतं ते स्त्रीबीज बाहेर पडल्यावर, बीज जिथून सुटतं तिथे मागे जी छोटी ग्रंथी उरते तीच ते बनवते. बीज सुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात आणि हा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो, लांबतो तो आधीचा भाग. २८ दिवसांचं चक्र असेल तर बीज १४व्या दिवसाच्या आसपास सुटतं, त्यानंतर सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन सगळ्यात वर असतं, १४ आणि ७ म्हणजे २१, तिथून तो '२१वा दिवस' आला. पण तुझं चक्र आहे ४० दिवसांचं. तुझं बीज सुटणार २६, २७व्या दिवशी. २१व्या दिवशी ते अजून सुटलेलंच नव्हतं, मग प्रोजेस्टेरॉन कुठून येणार? तो कमी आकडा त्या दिवशी असायला हवा तसाच होता. तुझ्यासाठी योग्य दिवस ३३वा वगैरे, म्हणजे पाळीच्या साधारण सात दिवस आधी. आणि बरोब्बर त्या दिवशी घेतलं तरी एकाच दिवसात काही तासांच्या अंतराने ते कितीतरी पटींनी बदलू शकतं, म्हणून डॉक्टर त्यावरून फक्त 'बीज सुटलं की नाही' एवढंच बघतात, 'किती टक्के कमी आहे, किती भरून काढायचं' असा हिशोब करत नाहीत.

तिसरी खूण टीएसएचची, म्हणजे थायरॉईडला काम सांगणाऱ्या हॉर्मोनची, आणि हिच्याबद्दल मला खरंच काळजी वाटते. तुझ्या केसांच्या गोळ्यांच्या पाकिटावर बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) लिहिलंय का बघ, किती मिलिग्रॅम ते पण बघ. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम धरतात आणि या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम सर्रास असतं, म्हणजे शेकडो पट. शरीराला त्याचा त्रास नाही, पण लॅबच्या बऱ्याच मशीनमध्ये टेस्टची केमिस्ट्रीच बायोटिनवर बेतलेली असते, मग रक्तातलं जास्तीचं बायोटिन मध्ये घुसतं आणि टीएसएच खोटं कमी दाखवतं, टी३ टी४ ही थायरॉईडची स्वतःची हॉर्मोनं खोटी जास्त दाखवतं, म्हणजे कागदावर थायरॉईड जोरात चालल्याचं हुबेहूब चित्र तयार होतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल डॉक्टरांना आणि लॅबना जाहीर इशारा दिला होता. पण, आणि हा पण मोठा आहे, वजन उतरणं, झोप न लागणं, केस गळणं, पाळी बिघडणं हे सगळं खरोखर थायरॉईड जोरात चालत असेल तरी होतं. म्हणून 'बायोटिनमुळे असेल' असं म्हणून सोडून द्यायचं नाही. गोळ्या बंद कर, निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर त्याहून जास्त, किती ते लॅबला फोन करून विचार, आणि मग दंडातून रक्त देऊन टीएसएच आणि फ्री टी४ परत कर. रक्त घेणाऱ्याला बायोटिनचं आठवणीने सांग, तो आपणहून विचारेलच असं नाही.

आणि १२ टेस्ट एकदम केल्यावर एखाददुसरी लाल येणं यात नवल काहीच नाही. नॉर्मल रेंज ठरवतानाच निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी ठरवतात, म्हणजे निरोगी असूनही २० पैकी एक जण बाहेर पडतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या १२ टेस्टचं गणित केलं तर ठणठणीत बाईलाही निदान एक लाल खूण यायची शक्यता ४६ टक्के निघते, म्हणजे जवळजवळ नाणं उडवल्यासारखंच. आधी प्रश्न ठरवायचा आणि मग त्याला लागेल तेवढीच टेस्ट करायची, असं डॉक्टर करतात ते यासाठी.

आता ॲड्रिनल फटीग. हा शब्द १९९८ मध्ये आला, सांगायची गोष्ट अशी की स्ट्रेसमुळे किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी काम करून करून दमतात आणि मग कॉर्टिसॉल बनवेनाशा होतात. ऐकायला पटतं, कारण आपल्याला दमल्यासारखं वाटतच असतं. पण २०१६ मध्ये दोन संशोधकांनी यावरचे ५८ अभ्यास एकत्र तपासले आणि असा आजार असल्याचा पुरावा मिळत नाही असं स्पष्ट लिहिलं, एंडोक्राइनचे म्हणजे हॉर्मोनचे डॉक्टरही हे निदान मानत नाहीत. ग्रंथी खरंच बंद पडतात तो आजार वेगळा आहे, एडिसन नावाचा, १८५५ पासून डॉक्टरांना माहीत असलेला. त्यात उठल्यावर चक्कर येते, बीपी खाली जातं, मीठ खावंसं वाटतं, वजन उतरतं आणि तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळपट पडायला लागतात. वजन सोडून यातलं काही असेल तर सकाळी आठच्या सुमाराला दंडातून रक्त देऊन कॉर्टिसॉल बघतात, लागलं तर पुढची टेस्ट करतात. याच्या उलटा आजार कुशिंग, कॉर्टिसॉल फार जास्त, त्यात चेहरा गोल होतो, साध्या धक्क्याने काळंनिळं होतं, पोटावर रुंद जांभळट रेघा येतात, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. गंमत म्हणजे लाळेची कॉर्टिसॉल टेस्ट तिथे खरोखर उपयोगी आहे, पण रात्री उशिरा, निदान दोन वेगळ्या रात्री घेतलेली. म्हणजे लाळेची टेस्ट खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, ती ज्या प्रश्नासाठी आहे तो प्रश्न तुझा नाही.

आणि गोळ्या का नको ते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बाजारातल्या १२ 'ॲड्रिनल सपोर्ट' गोळ्या घेऊन आत काय आहे ते तपासलं. सगळ्या १२ मध्ये थायरॉईड हॉर्मोन सापडलं, आणि निम्म्याहून जास्तमध्ये एखादं तरी स्टेरॉइड हॉर्मोन, लेबलवर पत्ता नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळायला लागलं की मेंदू ग्रंथींना काम सांगणंच कमी करतो, मग गोळ्या अचानक थांबवल्या की खरी पंचाईत. तुझ्या डब्यात हे आहे असं मी म्हणत नाही, पण टीएसएच आधीच कमी दिसतंय अशा बाईने ही जोखीम का घ्यायची?

आता स्ट्रेस. तू लिहिलंस की तू स्ट्रेस घेणारी नाहीस. अगं स्ट्रेस घ्यायचा की नाही हे आपल्याला कुणी विचारत नसतं. मेंदूत खाली हायपोथॅलॅमस म्हणून छोटा भाग आहे, त्याला तुझा हसरा चेहरा दिसत नाही, त्याला दिसतं झोप किती झाली, पोटात किती गेलं, धोका आहे की नाही. तिथून निरोप निघतो त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला, तिथून ॲड्रिनलला, आणि कॉर्टिसॉल वाढतं, साखर रक्तात सुटते, लक्ष टवकारलं जातं. १९९३ मध्ये जर्मनीत ट्रिअरला एक प्रयोग बसवला गेला, माणसाला अनोळखी लोकांसमोर उभं करायचं, भाषण द्यायला लावायचं आणि मग मोठ्याने वजाबाक्या करायला लावायच्या. बस एवढंच, तरी बऱ्याच जणांचं लाळेतलं कॉर्टिसॉल दोन ते चार पट चढतं, आणि ते संपल्यावर १०-२० मिनिटांनी सगळ्यात वर असतं. मग तुझ्या ट्यूब भरायच्या आधी डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता का, ऑफिसचं काही होतं का, हेही बघायला लागेल की नाही?

पण पाळीचं काय, तर त्याच हायपोथॅलॅमसमधून बीजकोशाकडे जाणाऱ्या साखळीचा पहिला ठोका निघतो, पाळीच्या पहिल्या भागात साधारण दर ६० ते ९० मिनिटांनी एक. ताण, अपुरं खाणं, अपुरी झोप या तिन्हींनी हे ठोके मंदावतात, बीज पिकायला वेळ लागतो, आणि बीज उशिरा सुटलं की पाळी उशिरा येते. म्हणजे पाळी 'चुकत' नाहीये, पुढे ढकलली जातेय. शरीर म्हणतंय आत्ता नको, जरा थांबू. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य कॉर्टिसॉलचं नाहीच, 'वजन पाच किलो कमी झालं, तेवढंच एक बरं झालं' हे आहे. डाएट केलंस का? नाही. मग ते पाच किलो कुठे गेले? आईला भरवून, औषधं देऊन, डबा न खाता मीटिंगमध्ये बसून गेले असतील, आणि मेंदूला तर तेवढंच दिसतंय की दाणापाणी आटलंय. पाळी लांबवायला हे एकच कारण पुरेसं आहे, आणि किटच्या १२ आकड्यांत ते कुठेच छापलेलं नाही. आणि न ठरवता आठ महिन्यांत पाच किलो उतरले हे डॉक्टरला सांगायलाच पाहिजे, थायरॉईड आणि साखर दोन्ही बघतील.

तर आता असं कर. पाळी लांबली की आधी साधी प्रेग्नन्सी टेस्ट, तुला तशी शक्यता वाटत नसली तरी. घरी करायच्या टेस्टमध्ये ही सगळ्यात भरवशाची आहे कारण तिचा प्रश्न हो की नाही एवढाच आहे. बीज सुटतंय का हे बघायचं असेल तर लघवीच्या एलएच पट्ट्या चांगल्या, एलएच म्हणजे बीज सुटायच्या आधी उसळणारं हॉर्मोन, पट्टी पॉझिटिव्ह आली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटतं, आणि तिथून सात दिवस मोजून प्रोजेस्टेरॉन केलंस तर त्याला अर्थ येईल. पीसीओएस (बीज नियमित न सुटण्याचा हॉर्मोनचा त्रास) असेल तर मात्र या पट्ट्या उगाच पॉझिटिव्ह दाखवतात कारण एलएच मुळातच चढं असतं. बाकी बारा हॉर्मोनांचं किट दर महिन्याला नको, त्या पैशात एकदा डॉक्टरांकडे जा आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हॉर्मोन), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांचं विचार. प्रोलॅक्टिनसाठी सुई टोचायच्या भीतीनेही आकडा चढतो, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं आणि थोडंसंच वाढलेलं आलं तर घाबरून न जाता परत करायचं. केसांचं म्हणशील तर मोठ्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, म्हणजे आज हातात येतायत ते मागच्या दिवसांचे आहेत, फेरिटिन बरं असेल आणि ताण उतरला तर ते परत येतात. आणि तीन महिने पाळी आलीच नाही, किंवा स्तनातून दूध आल्यासारखं झालं, किंवा डोकेदुखीसोबत नजर अंधुक झाली, तर वाट बघू नकोस.

किटपेक्षा एक साधी वही जास्त कामाची. पाळीची तारीख, झोपलीस कधी, जाग कधी, दिवसात किती वेळा धड जेवलीस, आणि आईला कसं होतं. दोन चक्रांची अशी वही घेऊन गेलीस तर डॉक्टरला पाच मिनिटांत जे कळेल ते लाल खुणांच्या आठ पानांतून कळणार नाही.

आणि 'ताण कमी कर' एवढं म्हणून मी तुला वाऱ्यावर सोडणार नाही, कारण आईचं आजारपण काही तुझ्या म्हणण्याने कमी होणार नाहीये. पण बोलण्याने काय होतं बघ. २००३ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, ताणामुळे पाळी बंद झालेल्या १६ बायका, आठजणींना २० आठवडे सीबीटी म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारं समुपदेशन दिलं, आठजणींवर नुसतं लक्ष ठेवलं. सीबीटीवाल्यांपैकी सहाजणींचं बीज परत सुटायला लागलं, दुसऱ्या गटात एकीचं. हॉर्मोनची एक गोळी न देता! अभ्यास लहान आहे हे खरं, पण मला तो फार मोलाचा वाटतो. पहाटेच्या जागेसाठीही सीबीटीचा झोपेसाठीचा वेगळा प्रकार आहे, जुन्या निद्रानाशावर औषधाआधी तोच करून बघायला सांगतात. समुपदेशकाकडे जाणं होईपर्यंत निदान दुपारचं जेवण बसून आणि पोटभर, आणि आठवड्यातल्या दोन रात्री आईजवळ दुसरं कुणीतरी. नवरा आहे, भाऊबहीण असतील, त्यांना 'जमेल का' असं विचारू नकोस, वार सांग.

नवऱ्याचं थोडक्यात. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, संध्याकाळी बोट टोचून आलेला कमी आकडा धरायचा नाही. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी रक्त दिलं आणि दोन्ही वेळा कमी आलं आणि लक्षणंही असली तरच पुढचा विचार. आणि तोही तुझ्यासोबत जागत असेल तर आधी झोप. २०११ मध्ये दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के खाली आलं होतं. किटऐवजी त्याने आईजवळच्या त्या दोन रात्रींपैकी एक घेतली तर दुसऱ्या दिवशी त्याला भरपाईची झोप मिळेल असं बघा, नाहीतर तुझा ताण त्याच्याकडे सरकेल एवढंच.

केसांच्या गोळ्या थांबवून थायरॉईड परत केलंस की आकडा कळव, आणि त्यासोबत रक्त किती वाजता दिलं ते आणि पाळीचा कितवा दिवस होता ते पण लिही.